नाव घातलेलं पातेलं

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला बस अशी काही रुतली की कंडक्टरनेच दार उघडून सांगितलं, "ज्यांना चालायचंय त्यांनी उतरून घ्या." उतरले. डोक्यावर ऊन आणि समोर कलाभवनाच्या दारात प्रदर्शनाचा फलक. खरं सांगायचं तर आत शिरले ती एसीसाठी.

सात-आठ जणांनी मिळून भरवलेलं प्रदर्शन. विषय काय, तर रोज डोळ्यांसमोर असून न दिसणाऱ्या गोष्टी. दाराशी लांबलचक मजकूर लावला होता, त्यात 'अस्तित्वाचे अवशेष' दोनदा आलं तेव्हा मी तो अर्ध्यात सोडला. बाथरूममधल्या पिवळ्या बादलीच्या फोटोसमोरही रेंगाळले नाही. तशी बादली घरी आहे आणि ती मला रोज दिसते, कारण ती गळते.

पुढच्या भिंतीवर मात्र 'कालनिर्णय'ची जुनी पानं टांगली होती. तारखांच्या चौकोनांत कुणाचा तरी अख्खा संसार: 'दूध नाही', 'दूध नाही', 'सिलिंडर लावला', 'बाई आली नाही', आणि एका गुरुवारी नुसतंच 'दात'. १९७३पासून हे कॅलेंडर मराठी घरांत खिळ्याला लटकतंय. त्याच्या पाठीवरचं राशिभविष्य आपण चवीने वाचतो; पोटावर आपणच लिहून ठेवलेलं सगळं डिसेंबर संपला की रद्दीत. त्या दाताचं पुढे काय झालं, ते पुढच्या पानांवर शोधलं. सापडलं नाही.

शेवटच्या कोपऱ्यात भांडी होती. म्हणजे भांडी नव्हतीच. पातळ कागदावर शिसपेन्सिलीने उठवलेले त्यांच्यावरच्या नावांचे ठसे होते. लहानपणी चार आण्याच्या नाण्यावर कागद ठेवून घासायचो, अगदी तेच. ते करणाऱ्या मुलीने सांगितलं, याला फ्रोटाज म्हणतात. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून त्याची सुरुवात केली. आम्ही वर्गात हेच करायचो तेव्हा बाई पेन्सिल काढून घ्यायच्या.

'चि.', 'सौ. कां.', 'वास्तुशांतीनिमित्त'. एका ताटलीवर फक्त 'मामाकडून'. अक्षरं सगळी ठिपक्याठिपक्यांची, काना कुठे, मात्रा कुठे. जांभळी नाक्यावर भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, "नाव काय घालायचं?" आई चिठ्ठी पुढे करायची, कारण तोंडी सांगितलेलं तो हमखास चुकवायचा. मग ते विजेचं पेन टर्रर्र करत स्टीलवर फिरायचं आणि माझे दात शिवशिवायचे. यात हौस कमी, धास्ती जास्त. आमच्या चरईच्या चाळीत कुणाकडे कार्य निघालं की बारा बिऱ्हाडांची पातेली एकत्र यायची. बिननावाचं भांडं गेलं की गेलंच.

बाहेर पडताना चित्रकार सुधीर पटवर्धन आठवले. १९७५ ते २००५ ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर एक्स-रे बघायचे आणि रंगवायचे काय, तर इराणी हॉटेलातला माणूस, लोकलमधले प्रवासी. माणसाच्या आतलं बघण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी बाहेरचंही इतकं निरखावं! इथे मला स्वतःच्या ओट्यावरचं धड दिसत नाही.

म्हणून घरी आल्यावर आधी दुधाचं पातेलं रिकामं केलं. लग्नात आईने दिलेलं, तिच्याच घरातलं जुनं, जाड बुडाचं. त्यात दूध करपत नाही, म्हणून मी ते कुणाला हात लावू देत नाही. काठाखाली काहीतरी कोरलेलं होतं खरं, पण घासून घासून पुसट झालेलं. बटर पेपर धरला आणि मुलाच्या कंपासमधली पेन्सिल फिरवली. हळूहळू अक्षरं उठली: वि. ग. जो.

आमच्या माहेरचं आडनाव 'जो'ने सुरू होत नाही. आईला फोन लावला.

"आई, वि. ग. जो. कोण गं?"

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"अगं बाई! समोरच्या काकूंचं ते. दादाच्या मुंजीला आणलं होतं, परत द्यायचं राहूनच गेलं."

"आणि आपलं?"

"ते त्यांच्याकडे गेलं असणार." मग जरा थांबून म्हणाली, "आपलं बुडाला पातळच होतं तसं. तू काही बोलू नकोस."