तुम्ही विचारलंत म्हणून: गॅरेजमध्ये न दिसणारा बिघाड

ज्या मालकाची गाडी रस्त्यात बंद पडलेली असते आणि गॅरेजच्या फाटकातून आत येताच सुरळीत चालू लागते, तो मला हमखास विचारतो, "बिघाड समोर दिसतच नाही, तर तुम्ही तो शोधणार कसा?" बीडला महामार्गालगत ट्रकच्या वायरिंगचे काम करताना हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

अधूनमधून येणारा बिघाड लहरी असतो, असे मी मानत नाही. त्याला अट असते: ठरावीक उष्णता, ओल, हादरा, भार किंवा ठरावीक वेळी चालू होणारे एखादे यंत्र. गॅरेजमध्ये गाडी थंड, कोरडी, रिकामी आणि उभी असते, म्हणजे बहुतेक अटी तेथे पूर्ण होतच नाहीत. म्हणून माझे काम स्कॅनर (गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावण्याच्या आधी, ड्रायव्हरशी बोलण्यापासून सुरू होते. मालक फोनवर सांगतो ते बहुधा ऐकीव असते. ड्रायव्हरने ते सोसलेले असते. गाडी भरलेली होती की रिकामी, सकाळी पहिल्या सेल्फलाच झाले की दोन-तीन तास चालल्यावर, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, अलीकडे चेसिसवर वेल्डिंग झाले का, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम कोणी नव्याने बसवली का, हे सगळे मी त्याला सावकाश विचारतो. शेवटचा प्रश्न अनेकांना अनाठायी वाटतो. परंतु चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्टची तार ओढली, की ती बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळून ईसीयू (इंजिन, ब्रेक वगैरे सांभाळणारे गाडीतले छोटे संगणक) एकमेकांशी बोलेनासे झाले, की स्कॅनरवर एकदम ढीगभर कोड दिसू लागतात.

कोडविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. ट्रकमधल्या कोडचे दोन भाग असतात: पहिला आकडा कोणत्या सर्किटविषयी तक्रार आहे ते सांगतो आणि दुसरा तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते. तिथे 3 आला तर व्होल्टेज जास्त, 4 आला तर कमी, 5 आला तर सर्किट तुटलेले, आणि 2 आला तर माहिती अस्थिर किंवा चुकीची. पार्ट खराब आहे असे यांतला एकही आकडा सांगत नाही, कारण सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या सॉकेटच्या) पिना, त्याचा पाच व्होल्टचा पुरवठा आणि त्याची अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी तार, हे सगळे मिळून होते. तरीही सेन्सर बदलल्यावर गाडी आठवडाभर नीट चालते, हा अनुभव खरा आहे. कपलर काढून पुन्हा बसवताना पिनांवरचा थर खरवडला जातो आणि संपर्क तेवढ्यापुरता सुधारतो. श्रेय नव्या सेन्सरला मिळते आणि थर पुन्हा साचल्यावर गाडी परत येते.

जालन्याहून सळई घेऊन सोलापूरकडे जाणारी एक दहाचाकी माझ्याकडे आली, तेव्हा तिचे दोन सेन्सर दुसरीकडे बदलून झालेले होते. ड्रायव्हर वयाने मोठे होते आणि त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते: "भरून मांजरसुंब्याचा घाट चढताना दम टाकती, रिकामी येताना काहीच नाही." स्कॅनरमध्ये टर्बोच्या दाबाचा आणि ऑइलच्या दाबाचा, असे दोन्ही कोड होते, दोन्हींचा प्रकार 4 होता आणि दोन्ही नोंदले गेले तेव्हाचे इंजिन-तास सारखेच होते. दोन वेगळे सेन्सर एकाच क्षणी खराब होणे संभवत नाही. त्या गाडीत दोघांना पाच व्होल्ट एकाच तारेतून मिळत होते, तेव्हा ती तार कुठेतरी लोखंडाला टेकत असली पाहिजे. पण भरलेल्या गाडीत आणि चढालाच का? कारण भार घेताना इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलते आणि इंजिनावरून चेसिसकडे जाणारा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, त्याच्याबरोबर ओढला जातो.

गाडी भरलेलीच होती, हे फार बरे झाले. चाकांपुढे दगड लावले, हँडब्रेक ओढला, आजूबाजूची माणसे दूर केली, सेन्सरच्या पाच व्होल्टच्या पिनेला मीटर जोडून त्यावर सर्वांत कमी आकडा नोंदवण्याची सोय चालू केली आणि ड्रायव्हरांना गिअर टाकून क्लच अगदी हळू, इंजिन दबेल इतपतच सोडायला सांगितले. इंजिन कलले आणि मीटरवर पाचचा शून्य झाला. मग इंजिन बंद करून, फक्त चावी चालू ठेवून, लाकडी काठीने हार्नेस टप्प्याटप्प्याने दाबत गेलो. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रॅकेटपाशी तोच आकडा पुन्हा कोसळला. पट्टी तुटल्यामुळे हार्नेस ब्रॅकेटच्या कडेवर टेकला होता. बाहेरची नळी घासून गेली होती आणि आतल्या एका तारेचे तांबे नखाएवढ्या जागेत चकाकत होते.

मीटरवर सारा भरवसा ठेवता येत नाही, हेही सांगायला हवे. तारेतल्या बहुतेक बट्ट्या (आतले तांब्याचे बारीक धागे) तुटून एखादीच शिल्लक राहिली असेल, तरी ओहम मोजताना मीटर जवळपास शून्यच दाखवतो, कारण तो तपासण्यापुरता अगदी किरकोळ करंट सोडतो. त्याच तारेवर चोवीस व्होल्टचा एकवीस वॅटचा बल्ब लावला, म्हणजे जवळजवळ एक अँपिअर वाहू दिला, की बल्ब मंद पेटतो आणि तार उघडी पडते. अर्थचेही तसेच आहे. बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मीटर धरून सेल्फ मारला आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थची केबल, तिच्या टोकाचे लग (बोल्टने आवळायचे कडे) आणि त्याखालचा गंज किंवा रंग पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. ईसीयूंना जोडणाऱ्या कॅनच्या दोन तारांची जुजबी परीक्षा सोपी आहे: बॅटरी तोडून दोन्हींमध्ये मोजल्यास सुमारे साठ ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना एकशे वीस ओहमचे दोन रोधक असतात. एकशे वीस आले तर एक टोक सुटले आहे. आकडा साठ आला तरी मीटर तसाच ठेवून हार्नेस हलवून पाहावा लागतो.

आपल्या भागाच्या म्हणून काही अटी आहेत. मे महिन्याच्या उन्हात ईसीयू किंवा रिलेच्या आतला तडकलेला जोड ताणतो आणि सुटतो. गाडी थंड झाली की तो पुन्हा जुळतो. उसाच्या हंगामात गाड्या कारखान्याच्या आवारात रात्रंदिवस उभ्या राहतात, तिथे उंदीर तारा कुरतडतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर, धूर स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅडब्लूचा वापर वाढला आहे. हे साडेबत्तीस टक्के युरियाचे पाण्यातले द्रावण कपलरमध्ये शिरले, तर तारेच्या बट्ट्यांमधून दूरवर झिरपत जाते आणि तांबे खाते. पांढरे स्फटिक कपलरवर दिसले, तर नुसता कपलर बदलून भागत नाही. तार सोलत मागे जावे लागते.

म्हणूनच टोचणीने इन्सुलेशनला भोक पाडून तपासणाऱ्यांना मी माझ्या गाड्यांना हात लावू देत नाही. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरते, आणि जाड सळी घातलेली मादी पिन कायमची सैल होते. जोड द्यायचा तर तार पिळून टेप गुंडाळणे मला मान्य नाही. दाबून बसवलेला जोड, त्यावर आतून गोंद असलेली नळी आणि कॅनच्या तारा असतील तर त्यांचा पीळ पूर्ववत, एवढे झालेच पाहिजे. त्यानंतर ज्या अटीत बिघाड येत होता तीच अट पुन्हा निर्माण करून पाहतो. त्या दहाचाकीलाही तोच गिअर, तोच क्लच आणि तोच मीटर पुन्हा दाखवला, आकडा पाचवर स्थिर राहिला, तेव्हाच तिला घाटाकडे सोडले.

तेव्हा गाडी माझ्याकडे पाठवाल तेव्हा कोड पुसू नका, बिघाड झाला त्या क्षणी मीटरबोर्डाचा फोटो काढायला ड्रायव्हरला सांगून ठेवा, आणि गाडी भरल्यावरच त्रास देत असेल, तर माल उतरवण्याआधी पाठवा, ड्रायव्हरसकट.