अमेरिकी विद्यापीठातल्या दक्षिण आशिया केंद्रात पाहुणा संशोधक म्हणून जाताना

अमेरिकी विद्यापीठातलं दक्षिण आशिया अभ्यास केंद्र म्हणजे विभाग नव्हे. इतिहास, मानववंशशास्त्र, भाषा अशा विभागांतले प्राध्यापक केंद्राशी संलग्न असतात. केंद्राचं स्वतःचं मनुष्यबळ मोजकंच असतं. म्हणून केंद्राच्या सामायिक ईमेलवर अर्ज टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही. मी संलग्न प्राध्यापकांच्या यादीतून विषय जुळणाऱ्या एकांना थेट लिहिलं: काय शोधायचंय, कोणत्या संग्रहात, किती महिने, खर्च कोण करणार. यजमान प्राध्यापक तयार झाले की पुढची कागदपत्रं केंद्राची मंडळी हलवतात. केंद्र बहुधा टेबल, ओळखपत्र आणि ग्रंथालय देतं, पगार नाही. त्यामुळे निधीचा पुरावा आपल्याकडेच तयार हवा.

खरी काळजी घ्यायची ती डीएस-२०१९ या फॉर्मवर. पाहुण्या संशोधकांना लागणारा जे-१ व्हिसा याच्याच आधारावर मिळतो. त्यात लिहिलेली श्रेणी नीट वाचा. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' असेल तर कमाल सहा महिने, आणि मुदतवाढ नाही. 'रिसर्च स्कॉलर' असेल तर पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो कार्यक्रम संपला की पुढचे २४ महिने त्याच श्रेणीत किंवा 'प्रोफेसर' श्रेणीत परत येता येत नाही. तुम्ही चारच महिने राहिलात तरी हे बंधन लागतं. चार महिन्यांच्या कामासाठी कुणी सवयीनं 'रिसर्च स्कॉलर' लिहिलं, तर पुढच्या वर्षी आलेली मोठी फेलोशिप हातची जाऊ शकते. फॉर्म निघण्याआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी हे बोलून घ्यावं; नंतर श्रेणी बदलणं फार अवघड. जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट ही वेगळी गोष्ट. कोणत्या देशातल्या कोणत्या विषयांच्या लोकांना ती लागते हे सांगणाऱ्या अमेरिकी 'स्किल्स लिस्ट'मधून डिसेंबर २०२४ मध्ये भारत वगळला गेला, पण सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, जाणाऱ्यांना ती अट आजही लागू होते.

व्हिसाच्या मुलाखतीआधी सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी प्रणाली) २२० डॉलर शुल्क भरून पावती छापून ठेवायची. विम्याचे आकडे ठरलेले आहेत: प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, आजारी अवस्थेत मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, पार्थिव परत आणण्यासाठी २५ हजार, आणि आपल्या खिशातून भरायची रक्कम दरवेळी ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. साध्या प्रवास विम्यात यातला एखादा आकडा हमखास कमी पडतो. विमा कंपनीकडून हे चारही आकडे पत्रावर लिहून घ्यावेत.

पोचल्यावर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी लावायची. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत सेव्हिसमध्ये नोंद झाली नाही, तर अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जाच धोक्यात येतो. मनुष्यबळ विभागात नियुक्ती नोंदली गेल्याशिवाय ओळखपत्र नाही, आणि त्याशिवाय ग्रंथालयाचं खातं नाही. हा क्रम उलटा होत नाही, म्हणून नियुक्तीची नोंद आपण येण्याआधीच करून ठेवायला केंद्राला सांगावं.

ग्रंथालय मात्र थक्क करतं. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० खाली अमेरिकेनं भारताला धान्य विकलं आणि त्याचे पैसे रुपयांत साठले. १९६२ पासून त्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली. ती सापडायची तर सूचीत मराठी नावं रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत ठाऊक हवी. 'च'साठी सीएच नव्हे, नुसता सी. 'श'साठी एस, 'ष'साठी एसएच. 'ज्ञानेश्वरी' डीएनवाय घालून नव्हे, तर जेएन घालून शोधायची. आपल्या रोजच्या स्पेलिंगनं शोधलं की शून्य निकाल येतो आणि पुस्तक नाहीच असा समज होतो. दक्षिण आशिया विषयाच्या ग्रंथपालांची वेळ पहिल्याच आठवड्यात घ्यावी. सूचीत न चढलेली खोकीही त्यांना माहीत असतात.

केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत आपण असावं अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. दुपारचं व्याख्यान सोपं. शाळाशिक्षकांच्या कार्यशाळेला वेगळी तयारी लागते: एक नकाशा, मूळ दस्तऐवजातला भाषांतरित उतारा, तीन प्रश्न, सगळं एका तासिकेत बसणारं. सिद्धान्त त्यांच्या उपयोगाचा नसतो. उद्या वर्गात वाटता येईल असा कागद हवा असतो. जवळच्या दुसऱ्या कॉलेजातून बोलावणं आलं आणि मानधन देऊ केलं, तर होकार कळवण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या जबाबदार अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीविना घेतलेलं मानधन बेकायदा काम ठरतं. परवानगीच्या पत्रासाठी त्या कॉलेजाकडून तारीख, विषय आणि रक्कम लिहून मागवावी, आणि अधिकाऱ्याचं उत्तर येईपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत नाव छापू देऊ नये.