आमची वाटचाल : जुन्या सिंगल-शॉट रायफली आणि आमच्यावर आलेला आळ

आमचं जुन्या रायफली दुरुस्त करायचं दुकान. "ह्यांना जमत नाही म्हणून हे नाही म्हणतात", असं एका वर्कशॉपने आमच्याबद्दल पसरवलं होतं. सगळ्यात आधी तेच लिहितो कारण आमचं दुकान बंद पडायची वेळ आली ती त्याच्यामुळेच.

झालं असं की जुनी स्टीव्हन्स ४४ (एका वेळी एकच गोळी भरायची अमेरिकन रायफल) घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, वाढवा, आजचं जोरदार काडतूस चालेल असं करा. मी नाहीच म्हणायचो. ४४ ची अ‍ॅक्शन, म्हणजे नळीमागची उघडझाप करून बार सोसणारी यंत्रणा, ओतीव आणि काळ्या दारूच्या प्रेशरची, तिला ते सोसत नाही. १९०३ ला आलेली ४४½ वेगळी, ती फोर्ज केलेली, म्हणजे ठोकून घडवलेली, पण नावं सारखी म्हणून लोकांना वाटतं एकच. मग त्या वर्कशॉपने तीच कामं घेतली, पटापट करून दिली, आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. भाडं थकलं, मिलिंग मशीन विकावं लागलं. अण्णा म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पार्टनर, लेथ त्यांचाच, त्यांनी पगारही घेतला नाही आणि एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे त्यातल्या रायफली ढिल्या व्हायला लागल्या, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक हलतोय, काडतुसाची पितळी केस मागून फुगतेय, आणि बोंब झाली की काम आमचं!! आम्ही वाचलो ते चेंबरच्या कास्टमुळे, म्हणजे आतल्या मापाच्या ठशांमुळे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक चेंबरचा सेरोसेफचा (कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू) कास्ट आम्ही चिठ्ठी लावून ठेवतो, रजिस्टरला नोंद असते. त्या रायफलींचे कास्ट आमच्याकडे होते, मूळ चेंबरचे, आणि "काम नाकारलं" असा शेरा. (कास्ट ओतल्यावर लगेच मोजू नका, तो आधी आकसतो मग फुगतो, साधारण तासाभराने खरं माप मिळतं. आणि बॅरलवर काय लिहिलंय त्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका, शंभर वर्षांत मधे कोणी काय केलंय सांगता येत नाही.)

त्या दिवसांत फक्त सर यायचे. रिटायर्ड शिक्षक, आजोबांची विंचेस्टर १८८५ हाय वॉल रायफल घेऊन आले, .३२-४० काडतुसाची. ब्राउनिंगचं डिझाइन, फॉलिंग ब्लॉक, म्हणजे ब्लॉक खाली सरकून चेंबर उघडतं, अ‍ॅक्शन भक्कम, पण नळी आतून गंजाने खाल्लेली. सर म्हणाले, "घाई नाही, पण तुम्हीच करा." री-बोअर करून, म्हणजे नळी आतून मोठी करून, .३८-५५ करायचं ठरलं, दोन्ही त्याच काळातली काडतुसं, मागचा भाग जवळपास सारखाच, त्यामुळे अ‍ॅक्शनवर नवा भार नाही. काडतुसावर टोचणाऱ्या फायरिंग पिनचं भोक मोठं झालेलं, तिथे बुश, म्हणजे आत बसणारी छोटी नळी, घातला. चेंबर कापायचा शेवटचा रीमर अण्णांनी हातानेच फिरवला, थोडं फिरवायचं, बाहेर काढायचं, चुरा पुसायचा, तेल, परत. बुडाला कडा (रिम) असलेल्या काडतुसात हेडस्पेस, म्हणजे काडतूस किती आत बसायचं ते माप, त्या रिमवर ठरतं, म्हणून गेज लावून लावून पुढे जायचं. अण्णांचा हात तिथे थांबला की थांबला, तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. नळीला रस्ट ब्लू, म्हणजे गंज चढवायचा, उकळायचं, घासायचं, परत तेच, रंग पुरता काळा होईपर्यंत. रिसीव्हरवरचा (अ‍ॅक्शनच्या सांगाड्यावरचा) मूळ केस-हार्डनिंगचा, म्हणजे पोलाद वरून कडक करताना चढलेला, रंग थोडासाच उरला होता, त्याला हात लावला नाही. बफिंग व्हील घेऊन बसणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तो रंग एकदा गेला की गेला, कडा गोल होतात, अक्षरं पुसतात. आणि स्क्रू-ड्रायव्हर खाचेच्या मापाने घासून घ्या, बाजारातला तसाच लावू नका.

सरांनी ती रायफल चारचौघांना दाखवली, मग हळूहळू कामं आली. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या वर्कशॉपकडून "आमचं चुकलं" म्हणायला आजवर कोणी आलेलं नाही. तेव्हा सोडून गेलेल्यांपैकी बरेच परत आले, त्यांचं काम आम्ही घेतलं, पण सरांचं काही आलं की ते आधी होतं.