हरिहरेश्वरचा कातळ: तिथी पाहिल्याशिवाय खाली उतरू नका

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर अमावस्येला सकाळी दहाला उतरायचं नसतं. आम्ही उतरलो, कारण मुक्कामाच्या जागेचे मालक म्हणाले, "नाश्ता करून आरामात निघा, भरतीबिरती काही नसते." वर सहाशे रुपये घेणारा एक वाटाड्याही त्यांनीच गाठून दिला.

देवळामागून दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात आणि एकदम समोर समुद्र. तिथून कड्याला वळसा घालणारा कातळाचा पट्टा आहे. या प्रवासातली खरी अवघड जागा तीच. आम्ही निम्मा टप्पा गेलो आणि मागच्या घळीत पाणी शिरलं. पाच मिनिटांपूर्वी कोरड्या असलेल्या दगडावर गुडघाभर फेस. वाटाड्या पुढे निघून गेला होता. कालवं काढून परतणाऱ्या एक आजी वरून ओरडल्या, "अरे, आज अवस ना? बाराला भरेल सगळं! फिरा मागं!" फिरलो. मित्राची पोटरी कालवांच्या शिंपल्यांवर सोलून निघाली. या कड्याखाली माणसं वाहून गेली आहेत, तेव्हा याला किरकोळ समजू नका.

आजींनीच मग पायरीवर बसून हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची (अमावस्या-पौर्णिमा म्हणजे पंधरा) पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा तास मागेपुढे धरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फारसं चढत नाही आणि फारसं आतही जात नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी चढतं जास्त आणि ओसरतंही जास्त. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ सगळ्यात चांगली: साडेसात-आठला पूर्ण ओहोटी, कातळ लांबवर उघडा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की वर या. पावसाळ्यात अजिबात जाऊ नका.

आम्हाला दुसऱ्याच दिवशी परतायचं होतं, म्हणून प्रतिपदेला उजाडता उजाडता गेलो. वाटाड्याशिवाय. काय दिसलं म्हणून सांगू! आदल्या दिवशी जिथे लाटा फुटत होत्या तिथे सपाट काळं अंगण पसरलेलं. कड्याचा पाया समुद्र कोरत राहतो, वरचा भाग ढासळतो, कडा मागे सरकतो आणि तळाचं हे अंगण उरतं.

आता त्या सहाशे रुपयांबद्दल. कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत. वाटाड्याने ठासून सांगितलं की हे लाव्हारसातले बुडबुडे. चूक आहे. लाटांचे तुषार दगडात मुरतात, वाळल्यावर आतल्या मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. ती जाळी मिठाने कोरलेली आहे, लाव्हाच्या मानाने अगदी अलीकडची. खरे बुडबुडे बघायचे तर वरून कोसळलेल्या धोंड्यांची ताजी तुटलेली बाजू बघा. लाव्हा थिजताना वायू वर चढतो, म्हणून प्रवाहाच्या माथ्याकडे पोकळ्यांची दाटी होते. नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यात झिओलाइट, कॅल्साइट, गार (क्वार्ट्झ) अशा खनिजांचे स्फटिक भरले. आम्हाला सुपारीएवढे पांढरे ठिपके दिसले, काही वाहण्याच्या दिशेने ताणलेले. सोपी खूण: जाळी फक्त उघड्या पृष्ठभागावर असते, बुडबुडे दगडाच्या आतही असतात. हातोडी नेऊ नका, तुटलेले दगड भरपूर आहेत.

हा लाव्हा एखाद्या डोंगराच्या तोंडातून उडालेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि थरावर थर वाहत गेले. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर ते उरले आहेत. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई याच थरांचं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे येत असाल तर घाटात गाडी थांबवून समोरचे कडे बघाच: एकावर एक आडवे, पायऱ्यांसारखे. पनवेलपासून किनाऱ्याकडे मात्र हेच थर समुद्राच्या बाजूला कलत जातात. ताम्हिणी आधी बघितली की खालचा कातळ जास्त कळतो.

श्रीवर्धन, दिवेआगर छान झालं, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

रबरी तळाचे, टाचेला पट्टा असलेले बूट घाला. शेवाळाच्या हिरव्या भागावर पाय ठेवू नका, काळ्या खडबडीत भागावर ठेवा. वाटाड्या घ्यायचाच असेल तर पैसे परत आल्यावर द्या, आणि आधी त्याला आजची तिथी विचारा. सांगता आली नाही तर दुसरा बघा.