दिवेघाटातले गुडघे

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत लांब असतो. तीस किलोमीटरहून अधिक चाल, तिच्या अखेरीस दिवेघाटाची चढण आणि साधारणपणे त्याच दिवशी येणारी ज्येष्ठ वद्य एकादशी असा तो योग आहे. घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. माणसांना मात्र आपल्याच पायांवर भिस्त ठेवावी लागते. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे त्या दिवशी माझे लक्ष साहजिकच लोकांच्या गुडघ्यांकडे होते.

विणेकऱ्यांच्या मागे बायकांच्या रांगा होत्या आणि माझ्या पुढच्या रांगेत लातूरकडच्या एक आक्का चालत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही पाय गुडघ्यांपाशी बाहेरच्या बाजूला बाकलेले, डोक्यावर तुळशीवृंदावन. अशा गुडघ्यांचा एक्स-रे दवाखान्यात माझ्यासमोर आला असता, तर जिना टाळा, मांडी घालू नका, जपून थोडेथोडे चाला, असे मी त्या बाईंना सांगितले असते. वडकी नाल्याच्या विसाव्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि गुडघे दुखतात का, असे विचारले.

“दुखतेत की, माउली. घरी बसलं तरी दुखतेतच. मग हितं दुखले तर काय बिघडलं?”

त्या दुखणे नाकारत नव्हत्या, किंवा पांडुरंगाच्या कृपेने काही जाणवत नाही असेही म्हणत नव्हत्या. सासवडच्या मुक्कामी रात्री त्यांनी माझ्याकडून गुडघ्यांना तेल लावून घेतले आणि जोराने दाबल्यावर माझ्यावर डाफरल्याही. वेदना होतीच, पण घरी तीच वेदना म्हातारपण आल्याची आणि आता सुनेच्या हाताकडे बघावे लागणार याची खूण होती, तर वाटेवर ती चालण्याचा एक भाग होती.

माझ्या व्यवसायात हा फरक रोज दिसतो, पण बहुतेक वेळा उलट्या दिशेने. एमआरआयचा कागद हातात घेऊन येणारा चाळिशीचा माणूस “मणक्यात गॅप आलाय” एवढेच सांगतो आणि त्यानंतर काही वर्षे वाकणे, उचलणे, मुलाला कडेवर घेणे सोडून देतो. कंबर कधीही न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधल्या गाद्यांची अशी झीज दिसते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘गॅप’ या कल्पनेने त्याची पाठ आखडून जाते, आखडलेली पाठ अधिक दुखते आणि तिच्या दुखण्याने ती कल्पना आणखी पक्की होते. हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिक पाहिले होते आणि नंतर शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी त्यांची तुलना केली. त्याने १९५६ मध्ये मांडले की मोठ्या जखमा असूनही सैनिक वेदनाशामक औषध कमी मागत, कारण त्यांच्यासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, तर नागरिकासाठी शस्त्रक्रिया हे संकट होते. हे सारे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. घाट चढताना आक्कांच्या पावलांकडे पाहत असताना ते मला कळू लागले.

मात्र दुखण्याचा हा अर्थ आक्कांनी एकटीने बसून ठरवलेला नव्हता, आणि आपल्याकडे मनोवृत्तीविषयी जे बोलले जाते त्यात नेमकी हीच गोष्ट सुटते असे मला वाटते. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग आणि विणा अशी रांग ठरलेली असते. सकाळचे अभंग वेगळे, दुपारी हरिपाठ आणि मुक्कामी कीर्तन असा दिवसही ठरलेला असतो. समोरचा माणूस वयाने, पैशाने, जातीने कोणीही असला तरी त्याला ‘माउली’ म्हणायचे आणि त्याच्या पाया पडायचे. पहिल्या दिवशी मला हे अवघडल्यासारखे झाले; पण कॉलेजातला एक मुलगा माझ्या पाया पडला आणि काय करावे न सुचून मीही त्याच्या पाया पडले, तेव्हापासून ते अवघडलेपण कमी होत गेले. माझी श्रद्धा आजही निम्मीशिम्मीच आहे. तरीही टाळाच्या ठेक्यात पाय पडू लागले की थकवा निराळा भासतो, याची खात्री मी स्वतःच्या पोटऱ्यांवर करून घेतली. आधी मन बदलले आणि मग चाल बदलली, असे माझ्याबाबतीत झाले नाही. क्रम बराचसा उलटा होता.

नीरा ओलांडून पालखी लोणंदला आली त्या रात्री पाऊस कोसळला. तंबूच्या एका कडेने पाणी आत आले, अंथरुणे भिजली आणि पुण्याच्या आम्ही तिघी उभ्याने वैतागत राहिलो. आक्का उठून बसल्या आणि गावाकडे पडतोय का, हे विचारायला मुलाला फोन करू लागल्या. तिकडेही पडत होता. आता सोयाबीनची पेरणी उरकेल म्हणून त्यांचा चेहरा उजळला. पाऊस एकच होता, पण त्यांच्या आनंदाला मी ‘सकारात्मक दृष्टिकोन’ म्हणणार नाही. त्यांचे पोटच त्या पावसावर होते आणि माझे नव्हते. माणूस जगाकडे कसे पाहतो हे पुष्कळदा त्याच्या सातबाऱ्यावरून ठरते.

‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ अशा छापाच्या उपदेशाचा मला राग आहे तो यासाठीच. जो दुःखी आहे त्याच्यावरच त्याच्या दुःखाचा ठपका ठेवून हा उपदेश मोकळा होतो. वारकरी परंपरा तशी नाही. दुष्काळात आपली एक बायको ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे तुकोबांनी अभंगात लिहून ठेवले आहे, त्यावर कोणताही मुलामा न देता. विठ्ठलाशी भांडण, त्याला दिलेली दूषणे, त्याच्या दारात केलेला आक्रोश हे सारे रोज टाळमृदंगावर गायले जाते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात आणि त्यानंतरच आरती होते. भक्तीच्या व्यवस्थेत कुरकुरीला अशी राखीव जागा ठेवणाऱ्यांना माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

श्रद्धेची दुसरी बाजूही मी दिवेघाटातच पाहिली. आमच्या दिंडीतल्या एका मधुमेही काकांनी निर्जळी एकादशी धरली होती, सकाळची गोळी मात्र नेमाने घेतली होती. अर्ध्या चढावर त्यांना दरदरून घाम फुटला आणि जीभ जड झाली. मी साखरेचे पाणी पुढे केले, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. साखर उतरली तर काय होते, हे त्या क्षणी समजावण्यात अर्थ नव्हता. दिंडीप्रमुखांनी माझ्या हातातला पेला घेतला, विण्याला टेकवला आणि “तीर्थ आहे, घ्या माउली,” असे म्हणून त्यांच्या तोंडाला लावला. काकांनी ते हात जोडून घेतले. पाणी माझेच होते, साखरही तेवढीच होती. पुढे बराच वेळ ते सावलीत बसून होते आणि मी दिंडीप्रमुखांकडे निराळ्या आदराने पाहत होते, कारण माझ्या शिक्षणाने मला जे करता आले नव्हते ते त्यांनी एका शब्दात केले होते.

पंढरपुरात आक्कांनी चंद्रभागेत स्नान केले, नगरप्रदक्षिणा केली, नामदेव पायरीवर डोके टेकवले, कळसाला हात जोडले आणि वारी पोहोचली म्हणून सांगितले. दर्शनबारी गावाबाहेर लांबवर गेली होती. आत जायचे नाही का, असे मी विचारले, तेव्हा “त्यानं मला बघितलं, झालं,” एवढेच त्या म्हणाल्या. असंख्य वारकरी असेच कळसाचे दर्शन घेऊन परततात आणि आपले काही राहून गेले असे त्यांना वाटत नाही.

हे मला फार सुंदर वाटले, पण त्या पायरीजवळच चोखोबांची समाधी आहे. चोखोबाही बाहेरच उभे राहिले; फरक एवढाच की आत जायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्या समाजाला मंदिराचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. आक्कांचे कळसावर भागणे आणि चोखोबांना कळसावर भागवायला लावणे या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात, म्हणून ‘समाधान मानण्यावर असते’ हे वाक्य मी त्या महाद्वारात तरी उच्चारणार नाही.

मी स्वतः बारीत उभी राहिले. माझ्या आईला पायांवर डोके ठेवून घेतलेले दर्शनच खरे वाटते आणि तिने तिच्या वतीने ते घ्यायला मला बजावून पाठवले होते. माझ्या पुढचा गृहस्थ रात्रभर व्यवस्थेला बोल लावत होता आणि मागच्या दोघी बहिणी पहाटेपर्यंत गौळणी म्हणत होत्या. मी आळीपाळीने दोघांनाही साथ दिली.