पहिला रुपया कोणाचा?

ना-नफा तत्त्वावर घरे बांधणाऱ्या दोन संस्थांचे हिशेब मी काही वर्षे पाहिले. त्या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न म्हणजे "पैसे केव्हा येतील?" घर केवढ्याला पडेल, हे आर्किटेक्ट पहिल्या महिन्यातच सांगून मोकळा होतो. पण जमिनीचा बयाणा, मोजणी, नकाशे, परवानग्यांचे शुल्क आणि ठेकेदाराची उचल हा सगळा खर्च पाया खणण्याच्या आधी करावा लागतो, आणि नेमका त्या वेळी कोणाच्याच योजनेतला पैसा हाती आलेला नसतो.

एका दुपारी आम्ही एका बँकेच्या शाखेत प्रकल्पाची फाइल घेऊन बसलो होतो. अधिकारी सज्जन होते. त्यांनी सगळी पाने उलटून पाहिली आणि तीन गोष्टी विचारल्या: तारण काय, संचालकांची वैयक्तिक हमी मिळेल का, आणि प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा किती. आमच्या संचालक मंडळात एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक डॉक्टर आणि एक स्थापत्य अभियंता होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझं पेन्शन चालेल का तारण म्हणून?" साहेब हसले, त्यांनी चहा मागवला आणि चहा संपल्यावर फाइल आमच्याकडे सरकवली.

त्यांचे चुकले, असे मला तेव्हाही वाटले नाही. व्यापारी विकासक स्वतःचे भांडवल ओततो, भागीदार आणतो आणि नफ्यातला वाटा देऊ करतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेल्या संस्थेला (जुन्या कायद्यातले हेच कलम २५) लाभांशच वाटता येत नाही. मग भागभांडवल घालणार कोण, आणि कशासाठी? प्रवर्तकांच्या हिश्श्याचा रकाना कोरा राहतो आणि बँकेचे गणित तिथेच अडते. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर अडचण आणखी एका पायरीने वाढते, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्तांना कर्ज काढण्यापूर्वी सहसा धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. हे बंधन विश्वस्तांच्या बेजबाबदारपणाला आळा घालण्यासाठी आहे आणि ते योग्यही आहे. पण जमीनमालक त्या परवानगीसाठी थांबत नाही.

कागदावर मात्र सवलती दिसतात. लहान आणि परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना, काही अटींवर, दिलेले कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी कर्जाचा ठरावीक वाटा द्यायचाच अशा क्षेत्रात, धरले जाते. त्याने बँकेचे उद्दिष्ट पूर्ण व्हायला मदत होते, तारणाचा प्रश्न मात्र सुटत नाही. शिवाय खासगी विकासकाला जमीन खरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. सट्टेबाजी रोखण्यासाठी घातलेल्या या नियमाचा फटका प्रामाणिक संस्थेलाही तितकाच बसतो. १९७० साली स्थापन झालेल्या हुडको या घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे नाव अशा वेळी हमखास पुढे येते, पण तिच्या कर्जाचा ओघ मुख्यतः सरकारी यंत्रणांकडे राहिला आहे.

अनुदानाचेही असेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१५ च्या आराखड्यात भागीदारीतून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांतल्या दुर्बल घटकांच्या प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाचे एक लाख रुपये ठरले होते. ही रक्कम प्रगतीनुसार हप्त्यांनी मिळते. समजा, दुर्बल घटकांच्या २५० घरांचा प्रकल्प आहे आणि प्रत्येक घराला बारा लाख रुपये लागणार आहेत. एकूण खर्च तीस कोटी, त्यात अनुदान सव्वासहा कोटी. उरलेल्यापैकी वीस कोटींचे कर्ज बारा टक्क्यांनी घेतले, तर सगळे कर्ज उचलल्यानंतर महिन्याला वीस लाख रुपये व्याज होते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) सहा महिने लांबले की एक कोटी वीस लाख रुपये गेले, म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे अठ्ठेचाळीस हजार. घरकाम करणाऱ्या बाईच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम एका सहीच्या प्रतीक्षेत वाढत जाते. व्यापारी विकासक ती पुढच्या इमारतीच्या दरात मिळवून घेतो. आमच्यासारख्यांकडे पुढची इमारत नसते.

या कोंडीतून वाट काढल्याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण धारावीतले आहे. झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांमधून उभी राहिलेली महिला मिलन आणि १९८४ साली स्थापन झालेली स्पार्क ही स्वयंसेवी संस्था यांची आघाडी बरीच वर्षे बचतगटांचे काम करीत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांचा हिशेब प्लॅस्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे घालून ठेवला जाई. एकेका रंगाला एकेक रक्कम. (पासबुकातल्या नोंदी पाहत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत कमालीची शास्त्रशुद्ध वाटते: जिचे पैसे तिलाच मोजता आले पाहिजेत.) १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. रहिवाशांना २२५ चौरस फुटांचे घर मोफत आणि त्याचा खर्च बाजारात विकायला मिळणाऱ्या जादा बांधकामातून (चटईक्षेत्रातून) किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, विकून भरून काढायचा, ही तिची रचना. योजना विकासकांना समोर ठेवून आखलेली होती, पण रहिवाशांची संस्थाही विकासक होऊ शकते हे आघाडीने हेरले आणि १९९८ मध्ये 'निर्माण' ही ना-नफा बांधकाम कंपनी काढली.

धारावीतल्या राजीव-इंदिरा प्रकल्पासाठी पुढे सिटीबँकेचे कर्ज मिळाले, ते ब्रिटनमधल्या होमलेस इंटरनॅशनल या संस्थेने हमी घेतल्यानंतर. या अनुभवातूनच २००२ साली ब्रिटिश आणि स्वीडिश सरकारांच्या पैशांवर 'क्लिफ' नावाचा फिरता निधी सुरू झाला. या निधीतला पैसा प्रकल्पाच्या सुरुवातीला घालायचा, टीडीआर विकला गेला किंवा अनुदान आले की परत घ्यायचा आणि पुढच्या वस्तीकडे न्यायचा. इमारत टप्प्याटप्प्याने वर चढते तसा टीडीआर मिळतो आणि त्याचा बाजारभाव दर वर्षी वेगळा असतो; तेवढा काळ कोणीतरी जोखीम धरून ठेवावी लागते, आणि हे काम हमी करते. देणगीचा एक कोटी एकदाच खर्च होतो, पण हमीसाठी बाजूला ठेवलेला एक कोटी, कर्ज फिटत गेले तर, तसाच शिल्लक राहतो. देणगीदारांना मात्र हे पटवणे फार अवघड जाते, कारण हमीच्या नावाची पाटी कुठल्या भिंतीवर लावणार?

सोलापूरचा मार्ग वेगळा. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीने सहकारी संस्थेमार्फत हे काम केले आणि केंद्र, राज्य व कामगार या तिघांनी खर्चाचा भार वाटून घेतला. पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आवास योजनेत बसवला गेला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. तिथे परकी हमीदार नव्हता. हजारो सभासदांची वर्षानुवर्षे टिकलेली संघटना होती आणि तिच्या मोर्च्यांनी सरकारचा हिस्सा खेचून आणला. आमच्या संस्थेकडे अशी संघटना नव्हती, आणि ती उसनी आणता येत नाही.

नव्या मार्गांबद्दल थोडक्यात सांगतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत झोपडपट्टी क्षेत्राचा विकास आहे, पण त्या निधीचा वार्षिक हिशेब आणि चार वर्षांची इमारत यांचा मेळ सहसा बसत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरचे (सामाजिक संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेला विभाग), मुद्दल आणि व्याज दोन्ही परत न करायचे रोखे कानाला नवे वाटतात, पण वळसा घेऊन ती देणगीच आहे. दोन्ही पैसे घ्यावेत. फक्त ते तारणाच्या जागी धरून नकाशे काढू नयेत.

आमची फाइल पुढे दुसऱ्या एका बँकेत मंजूर झाली. चौदा हितचिंतकांनी आपल्या मुदत ठेवींच्या पावत्या तारण म्हणून दिल्या होत्या. त्यात सर्वांत लहान पावती पन्नास हजारांची होती. ठेवींवरचे व्याज त्यांना मिळतच राहिले, संस्थेने एक रुपयाही देणगी घेतली नाही, आणि कर्ज फिटल्यावर मी त्या पावत्या एकेकाच्या घरी जाऊन परत केल्या. मुख्याध्यापिका बाईंनी पावती उलटसुलट पाहिली, डब्यात ठेवली आणि विचारले, "पुढची जागा पाहिलीत का?"