पिकअपचं गियर ऑइल घरी बदललं तेव्हा

यंदाच्या पावसाळ्यात टोमॅटोची खेप घेऊन माळशेज घाटातून कल्याण मार्केटला जाताना माझ्या पिकअपचा दुसरा गियर अडायला लागला. पहाटे गाडी गार असली की दांडी अर्ध्यावर थांबायची, जोर दिला की कर्र करून पडायची. रिकामी गाडी घेऊन परतताना पन्नास-साठच्या स्पीडला मागून हुंऽऽ असा एक सूर यायचा. पायातला दाब सोडला की सूर बदलायचा, पुन्हा दिला की परत तोच. हंगामात गाडी उभी करून चालत नाही. साठ-सत्तर कॅरेट रोज जायचे, त्यामुळे दसरा होईपर्यंत तशीच पळवली. ते चुकलंच.

गाडी २०१७ ची, नवी घेतलेली, आता एक लाख दहा हजार किलोमीटरच्या वर फिरलेली. ऐंशी हजार किलोमीटरला एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं. त्या बिलात 'गियर ऑइल बदलले' असं स्पष्ट लिहिलेलं आहे, बिल आजही घरात आहे. म्हणून ऑइलवर शंकाच आली नाही. मामांना फोन केला. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते म्हणाले, "अरे, बिल वाचून ऑइल कळत नाही. बोल्ट उघडून बोट घाल, मग बोलू." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले.

आधी ऑइल आणायला गेलो. ते दोन ठिकाणी लागतं: गियरबॉक्सला आणि मागच्या क्राऊनला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीला. दुकानदार म्हणाला, "नव्वद नंबर घेऊन जा, दोन्हीकडे चालतं." मामांनी गाडीचं पुस्तक काढायला लावलं. माझ्या गाडीला दोन्ही ठिकाणी घट्टपणाचा नंबर ८०डब्ल्यू-९० आहे खरं, पण ऑइलची प्रत गियरबॉक्सला जीएल-४ आणि मागच्या क्राऊनला जीएल-५ असं वेगवेगळं लिहिलेलं आहे. हा फरक मामांनी ज्या पद्धतीने सांगितला तो मला कायमचा कळला. गियरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात. गियर टाकताना ही रिंग आधी घासून पकड घेते, गियर आणि शाफ्ट दोघांचा वेग सारखा करते, मग दात बसतात. म्हणजे तिथे थोडी पकड हवीच. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती रिंगची पकड कमी करतात, काही ऑइलं पितळही खातात. क्राऊन-पिनियनचं उलट. पिनियन म्हणजे जोडीतलं छोटं चाक, ते क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दात एकमेकांवर फिरता फिरता जोरात घसरतात. त्या दाबाखाली साधं ऑइल टिकत नाही, तिथे तीच द्रव्यं दातांना वाचवतात. दोन्हीकडे एकच डबा ओतला तर कुणावर तरी अन्याय होतो. तुमच्या गाडीला काय लागतं ते पुस्तकातच बघा, दुकानदाराच्या तोंडून नको.

(नव्वद नंबर म्हणजे इंजिनच्या चाळीस नंबरपेक्षा दुप्पट घट्ट, असं मीही समजत होतो. तसं नाही. गियर ऑइल आणि इंजिन ऑइल मोजायच्या पट्ट्याच वेगळ्या आहेत. गियरचं नव्वद जवळजवळ इंजिनच्या चाळीस-पन्नासइतकंच घट्ट असतं.)

ऑइल, नवे तांब्याचे वायसर, हातभर रबरी पाईप, सगळं दोन हजारांच्या आत आलं.

सकाळी ओतूरपर्यंत जाऊन आलो, म्हणजे ऑइल कोमट होऊन खालचा गाळ त्यात मिसळतो. अंगणातल्या कोब्यावर गाडी सपाट उभी केली, गियरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला, पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावले. पिकअप उंच असल्याने जॅकची गरज पडली नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी झोपू नये, हे मामा दोनदा बोलले.

मी पाना घेऊन थेट खालच्या ड्रेन बोल्टला हात घातला, तेव्हा त्यांनी पाय धरून मला गाडीखालून बाहेर ओढलं. "आधी वरचा. खालून सगळं ऑइल सोडलंस आणि वरचा बोल्ट निघाला नाही, तर भरणार कुठून? गाडी जागेवरच बसेल." आणि खरोखर वरचाच निघेना. क्राऊनच्या हाउसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या लोखंडी खोक्यावरचा, ऑइल भरायचा फिलर बोल्ट चिखलाच्या पापुद्र्याखाली होता. तारेच्या ब्रशने घासला तर खाली बोल्ट आणि हाउसिंगच्या सांध्यावरून गेलेला काळा रंग अखंड दिसला. कुठे चीर नाही, पान्याची खूण नाही. सात वर्षांत तो बोल्ट कुणी फिरवलेलाच नव्हता. मी बराच वेळ त्या रंगाकडे बघत पडून राहिलो. तीस हजार किलोमीटर मी त्या बिलावर विश्वास ठेवून माल वाहिला होता.

गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके, पुन्हा तेल. रिंग पाना घसरू नये म्हणून सहा कोनांचा बॉक्स पाना बसवला, दांडीत तीन फुटी लोखंडी पाईप घातला आणि झटका न देता सावकाश वजन टाकलं. टक् असा आवाज आला. बोल्ट तुटला असं वाटून पोटात गोळा आला, पण तो सुटला होता. या एका बोल्टने दीड तास घेतला. गियरबॉक्सचा त्या मानाने लगेच निघाला.

गियरबॉक्सचं ऑइल काळपट निघालं, वास कुजक्या लसणासारखा. गियर ऑइलला तो वास गंधकाचा असतोच, त्याने घाबरायचं कारण नाही. उन्हात ताटली तिरकी केली तर सोनेरी चमचम दिसत होती. ती पितळ होती, सिंक्रोची झीज. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम जमलं होतं. मामांनी ते बोटांत चोळलं. "मऊ लागतंय, म्हणजे नेहमीची झीज. कण टोचला असता तर गियरबॉक्स उतरवायला लागला असता."

मग मागचा ड्रेन बोल्ट सोडला. मला काळी धार अपेक्षित होती. आली ती ताकासारखी. पिवळट पांढरी, फेसाळ, घट्ट. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी घरातून लोणच्याची रिकामी बरणी आणवली आणि त्यात ते ऑइल भरून घेतलं.

त्यात पाणी होतं. आणि ते कुठून शिरलं हे मामांनी दहा मिनिटांत शोधलं. हाउसिंगच्या वर अंगठ्याएवढा एक ब्रीदर असतो. क्राऊन तापला की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते, गार झाला की परत आत येते. माझा ब्रीदर चिखलाने दगडासारखा बंद झाला होता. आमच्या शेताच्या वाटेवर ओढ्याचा फरशी पूल आहे. जुलै-ऑगस्टात कल्याणहून घाट चढून तापलेली गाडी मी थेट त्या पाण्यातून काढायचो, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडाली की आतली हवा एकदम आकसते आणि ओढ घेते. ब्रीदर बंद, मग ती ओढ सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, ओठांतून पाणी आत घेते. उलट हवा फुगली की तीच सीलमधून ऑइल बाहेर ढकलते, ते चाकात उतरून ब्रेक लायनरवर जाऊ शकतं. घाट उतरणाऱ्या भरल्या गाडीला त्याचा अर्थ काय, हे लिहायला नको. आम्ही मागचे दोन्ही ड्रम तेव्हाच उघडून बघितले. कोरडे होते.

ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला, तोंडाने फुंकून हवा जाते का बघितलं. मग त्याच्या जागी नळी बसेल असं तोंड लावलं, रबरी पाईप हौद्याच्या खालून वर नेला आणि पुढच्या फळीजवळ उंचावर, तोंड खाली वळवून बांधला. आता पाणी तिथपर्यंत येणार नाही.

भरणं सोपं गेलं. ऑइलचे डबे उन्हात ठेवले होते, गार ऑइल पाईपातून उतरत नाही. हौद्याच्या कडेला नरसाळं बांधलं, गवंडी पातळी बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप त्याला लावून खाली फिलरच्या भोकात सोडला. मुलगा वरून ओतत होता, मी खालून बघत होतो. भोकातून ऑइल आपोआप बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं, तीच लेव्हल. गियरबॉक्सलाही तसंच, नरसाळं केबिनच्या दारात धरून. जास्त भरू नये, तेही सीलवरच जातं. नवे वायसर घालून बोल्ट आवळले, पण पान्याला लोखंडी पाईप न लावता, नुसत्या हाताच्या जोराने. हाउसिंगचे आटे गेले तर खर्च मोठा आहे.

दुसरा गियर त्याच संध्याकाळी सुधारला. पहाटे पहिल्या काही मिनिटांत अजून किंचित अडतो, कारण झिजलेलं पितळ ऑइलने परत येत नाही. मागचा सूर निम्म्याने कमी झाला, गेला नाही. मामांच्या मते पिनियनच्या बेअरिंगने पाणी खाल्लं आहे. पुढच्या हंगामाआधी ते उघडायचं ठरलं आहे.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे कल्याणच्या दोन खेपा करून मागचं ऑइल पुन्हा सोडलं, कारण कोपऱ्यात राहिलेलं पाणी नव्या ऑइलमध्येच मिसळतं. या वेळी ते मधासारखं आलं, जरा धुरकट. तेही एका बरणीत भरून पहिलीच्या शेजारी ठेवलं. दुसऱ्यांदा भरलं ते नवं ऑइल आता गाडीत आहे.

जुनं ऑइल आमच्याकडे नांगराला नाहीतर वाळवीसाठी लाकडाला फासतात. माझी विहीर अंगणापासून पन्नास पावलांवर आहे, मी ते एका कॅनमध्ये बंद करून ठेवलं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, नोंदणी असलेल्या माणसालाच द्यायचं असतं. नारायणगावला मोठ्या गॅरेजांकडून ऑइल गोळा करणारी गाडी येते, तिच्याकडे दिलं.

केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला मी रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत. त्याखाली मामांनी स्वतःच्या हाताने एकच शब्द लिहिला: ब्रीदर.